साध्या माणसाने प्रत्येक विषयावर मत द्यावे काय? काकांच्या पत्रांच्या दोन वह्या

टाकदौत (धागालेखक)

नमस्कार. गेल्या महिन्यात गिरगावातील आमची चाळीतली खोली रिकामी करताना माळ्यावर माझ्या थोरल्या काकांच्या दोन जाड वह्या सापडल्या. काका एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात होते, आणि १९५५च्या सुमारापासून डोळे अधू होईपर्यंत ते वृत्तपत्रांच्या संपादकांना पत्रे लिहीत असत. छापून आलेले प्रत्येक पत्र त्यांनी कापून, खळीने चिकटवून, खाली तारीख घालून ठेवले आहे. जी छापली गेली नाहीत त्यांच्या हाताने केलेल्या नकला आहेत. विषय पाहावेत तर नळाला पाणी येण्याची वेळ, बसथांब्यावरचे छप्पर, कसोटी संघातील यष्टिरक्षकाची निवड, अलिप्ततावाद, गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपक, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम, हापूसच्या पेटीत तळाशी घातली जाणारी लहान फळे आणि एकदा तर चंद्रावर माणूस पाठवण्याचा खर्च.

सगळी पत्रे वाचून झाल्यावर मनात जी शंका आली, तिच्यासाठी हा धागा काढत आहे. अलिप्ततावादावरचे त्यांचे पत्र आणि त्या काळचा कोणताही अग्रलेख यांत मला फरक सापडला नाही. आंब्याच्या पेटीवरचे पत्र मात्र दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते, कारण पेटीतले गवत बाजूला करून त्यांनी प्रत्येक थरातील फळे मोजली होती आणि वरच्या थरातले फळ तळाच्या फळाशेजारी ठेवून पाहिले होते. मग अलिप्ततावादावर त्यांनी लिहायलाच नको होते, असे म्हणावे काय?

तसे म्हणायला मन धजत नाही, कारण मराठीत या सवयीचा उगम फार वरच्या ठिकाणी आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ ते १८५० या काळात १०८ पत्रे लिहिली. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो, पण आठ वरकड आहेत. लिहिण्यास आरंभ केला तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते आणि ते सरकारी नोकरीत होते. ग्रंथालये, विवाह, व्यापार, विद्या, आळस, इंग्रजांचे राज्य, भटजींचे पाठांतर, कशावरही त्यांनी मत दिले. आज एखाद्या पंचविशीतील तरुणाने एवढ्या विषयांवर लेखणी चालवली तर आपण त्याला ‘तुझा अभ्यास काय’ असे विचारू. सदस्यांनी आपली मते द्यावीत. अभ्यास विचारला जाणार नाही.

जुना_पुरवणीकार

धागा आवडला. मी एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचे पान सुमारे अकरा वर्षे पाहिले, त्यामुळे आपल्या काकांसारख्या अनेकांशी माझा परिचय हस्ताक्षरातून झाला. त्यांना आम्ही ‘पत्रलेखक’ म्हणत असू, आणि तो शब्द कचेरीत अर्ध्या कौतुकाने व अर्ध्या वैतागाने उच्चारला जाई. मुंबईत अशा मंडळींची ‘मराठी वृत्तपत्र लेखक संघ’ ही संस्थाही आहे, म्हणजे हा छंद किती गंभीरपणे घेतला जात होता ते ध्यानात यावे.

पत्र कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, अशी सूचना आम्ही छापत असू. अनेकांना ती संपादकांची ऐट वाटे. कारण साधे होते. छपाईचे खिळे (एकेका अक्षराचे ठसे) जुळवण्याच्या काळात हस्तलिखित कापून त्याचे तुकडे दोन-तीन जुळाऱ्यांना वाटून देता येत, आणि पाठपोट लिहिलेला कागद कापला की मागचा मजकूर मरे. खिळे गेले, जुळारी गेले, सूचना मात्र पुढे कित्येक वर्षे तशीच छापली जात राहिली.

आता निवडीविषयी. पत्राचे पहिले वाक्य बहुधा ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून’ असे सुरू होई, ते कापायचे. शेवटचे वाक्य ‘संबंधितांनी याची त्वरित दखल घ्यावी’ असे असे, तेही कापायचे. मध्ये जे उरे ते मत. पुष्कळदा मध्ये काहीच उरत नसे. ज्यांचे मधले शिल्लक राही, त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसली: तो माणूस कोठे उभा राहून बोलतो आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात कळत असे. ‘मी रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी या फाटकापाशी असतो’ असे लिहिणाऱ्याचे पत्र मी न वाचताच निवडून ठेवत असे, असे म्हटले तरी चालेल. अलिप्ततावादाच्या फाटकापाशी आपल्यापैकी कोणी उभे नसते, अडचण तेथे आहे.

गोदाकाठचा

मी या कौतुकात सहभागी होऊ इच्छित नाही. धागालेखकांनी लोकहितवादींचे उदाहरण दिले, परंतु १८४८ साली ज्या विषयांवर ते लिहीत होते त्यांतील बहुतेकांचा तज्ज्ञ या देशात अस्तित्वातच नव्हता. ज्याला चार इंग्रजी पुस्तके वाचता आली तो तज्ज्ञ. आज तशी स्थिती नाही. आज प्रत्येक विषयाला आयुष्य वाहिलेली माणसे आहेत, आणि त्यांच्यासमोर आपण चहाचा घोट घेत ‘मला असे वाटते’ म्हणतो.

माझे उदाहरण ताजे आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ या नावासोबत ‘वीस सात’ असे वाचन आले. नवी पद्धत जुनीच्या जोडीला होती. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. तरीही महाराष्ट्रभर असा गहजब झाला की जणू भाषेवर दरोडा पडला. विधानसभेपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत प्रत्येकाने मत दिले. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणिताच्या जाणकार, ज्यांनी या बदलाची बाजू शांतपणे समजावून सांगितली, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून मत देणारे किती होते? बहुतेकांनी पुस्तक उघडलेदेखील नव्हते. ‘आम्ही शिकलो, आमचे काही बिघडले नाही’ हा एवढाच युक्तिवाद होता, आणि ज्यांचे बिघडले ते गणित सोडून गेल्यामुळे त्यांची साक्ष कोणी काढली नाही.

फळा_आणि_खडू

गोदाकाठकर, आपण ज्या पुस्तकाविषयी लिहिले आहे ते मी वर्गात शिकवले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. माझी जिल्हा परिषदेची शाळा देगलूरच्या बाजूला, तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. माझ्या वर्गात मराठी बोलणारी मुले आहेत, घरी तेलुगू बोलणारी आहेत, एक-दोन कन्नड बोलणारीही असतात.

मराठीत २७ म्हणताना आधी सात येतात, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. सहा-सात वर्षांचे मूल ‘सत्तावीस’ ऐकते आणि ऐकलेल्या क्रमाने ७२ लिहिते. त्याचे कान बरोबर असतात. फसवतो तो शब्द. तेलुगूत ‘इरवै एडु’ म्हणजे वीस सात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’, तेथेही आधी वीस. त्यामुळे माझी तेलुगू घरातली मुले अंक उलटे लिहिण्याची चूक कमी करत, आणि मराठी घरातली मुले जास्त करत, हे मी त्या पुस्तकाच्या पुष्कळ आधीपासून पाहत होते. यावर मी कधी संशोधन केले नाही. फक्त पाट्या तपासल्या आहेत. शिवाय ‘एकोणतीस’मध्ये तर तिसातून एक वजा करायला सांगितलेले असते, तेही ज्याला वजाबाकी अजून शिकवलेली नाही अशा मुलाला. ‘एकोणनव्वद’पर्यंत ही शिस्त पाळून ९९ला आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, ‘नव्याण्णव’ म्हणतो. तेवीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर यांतील तीन प्रत्येक वेळी वेगळे कपडे घालून येतो.

म्हणजे मी आपल्याच बाजूची झाले, असे वाटेल. तरीही त्या गदारोळातील एक मत मला फार उपयोगी पडले, आणि ते देणारा माणूस चौथी शिकलेला होता. गावात आठवडी बाजारात लसूण विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची नात माझ्याकडे होती. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही वीस सात शिकवा, पण बाजारात गिऱ्हाईक सत्तावीसच म्हणणार. मग पोरीनं मनात सत्तावीसचं वीस सात करायचं, हिशेब करायचा आणि परत सत्तावीस म्हणायचं. दोन वेळा जकात झाली की.’ पुस्तक करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक असणार, कारण दोन्ही नावे शेजारी छापण्याचे कारण तेच. परंतु मला वर्गात ती जोडी रोज, तोंडी, दोन्ही दिशांनी घोकून घ्यावी लागेल, हे मला लसणाच्या टोपलीपाशी कळले.

त्यांनी पुस्तक उघडले नव्हते हे खरे आहे. पण ते बाजारात उघडपणे उभे होते.

पैलतीर

वरील प्रतिसाद वाचून लसूणवाल्या आजोबांना अधिकृत समितीवर घ्यावे, अशी सूचना करतो. बाकी गोदाकाठकरांचे ‘साक्ष कोणी काढली नाही’ हे वाक्य मात्र जिव्हारी लागले. मी त्या गणित सोडून गेलेल्यांपैकीच आहे.

ओसरीवरून

चर्चा चांगली चालली आहे, परंतु आतापर्यंत मत देणारे सगळे पुरुष आहेत: काका, लोकहितवादी, लसूणवाले आजोबा. (फळाताईंनी उलट्या अंकांविषयीचे स्वतःचे निरीक्षण ‘फक्त पाट्या तपासल्या’ म्हणून किती पटकन बाजूला ठेवले, हेही पाहावे.) माझ्या आजीला नळावर, ओसरीवर आणि देवळाच्या पायरीवर जगातील प्रत्येक गोष्टीवर मत होते. ‘संपादक यांस, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ असे तिने आयुष्यात एकदाही लिहिले नाही. तिच्या मताला घरात ‘तोंड चालवणे’ म्हणत. तेच आजोबांनी केले तर ‘विचार मांडणे’ होई. म्हणून अधिकाराचा प्रश्न अभ्यासापाशी संपत नाही, असे मला वाटते.

ज्या थोड्या जणींनी छापून आणले त्यांची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. महात्मा फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. अभ्यास म्हणाल तर तीन वर्षांची शाळा. विषय म्हणाल तर स्वतःच्या जातीच्या अंगावर आलेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावर वृत्तपत्रांत १८८१ साली स्त्रीजातीविषयी जे काही लिहिले जात होते ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांना कोणी मत विचारलेले नव्हते.

आणि रखमाबाई. १८८५ साली त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर व सक्तीच्या वैधव्यावर पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने. त्यांचा स्वतःचा खटला न्यायालयात चालू होता. नाव घातले असते तर पत्राचा विषय बाजूला पडून बाईचीच चर्चा झाली असती. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या मताला आपोआप अधिकार आला असेल. पण ज्या मताने खळबळ उडाली ते मत अधिकार येण्याच्या आधीचे आहे.

पुरवणीकार, आपल्या पानावर ‘पूर्ण नाव व पत्ता नसल्यास पत्र छापले जाणार नाही’ अशी सूचना असे ना?

जुना_पुरवणीकार

होय, असे. खोटी पत्रे व वैयक्तिक सूड टाळण्यासाठी ती आवश्यक होती. तथापि लेखकाने विनंती केल्यास नाव कचेरीत ठेवून ‘एक वाचक’ असे छापण्याची मुभा होती, आणि ती मुभा मागणाऱ्या पत्रांत स्त्रियांची पत्रे बरीच असत, हे मला आज आपण विचारल्यावर जाणवले. तेव्हा मी ते मोजले नाही.

तिंटो

मी म्हापशाचा. आमच्याकडे बाजारपेठेतल्या चौकाला तिंटो म्हणतात आणि मते तेथेच पिकतात, म्हणून हे नाव घेतले आहे. गोदाकाठकरांच्या मुद्द्याला माझा आक्षेप असा की काही प्रश्न तज्ज्ञांचे नसतातच. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. तो कौल येण्यापूर्वीचे महिने माझे वडील सांगत तेव्हा त्यात तज्ज्ञ कोठेच नसत; पोदेर (पाववाला), रेंदेर (माडाची सूर काढणारा), मास्तर, सुनांचे आईबाप असत. गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्धची एक मोठी लढाई मराठीतूनच लढली गेली: ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक, आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. वडील विलीनीकरणवादी होते. ते रोज सकाळी ‘ब्रह्मास्त्र’ वाचून संतापत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विकत आणत. शेजारचा रेंदेर दुसऱ्या बाजूचा. दोघे एकाच बाकावर बसून भांडले आणि कौलानंतरही त्याच बाकावर बसले. माडाच्या भावावर रेंदेराचे म्हणणे वडील मानत, राज्याच्या प्रश्नावर मानत नसत.

गोदाकाठचा

तिंटो, मतदान आणि मत यांत फरक आहे. मतदानात प्रत्येकाला एकच मत असते, म्हणून अज्ञानाची किंमत सर्वांना सारखी वाटून जाते. बाकी, ओसरीवरून यांनी दिलेल्या तिन्ही स्त्रिया त्यांच्या विषयाच्या तज्ज्ञच होत्या, कारण तो विषय त्या जगत होत्या. त्यांची उदाहरणे माझ्या बाजूची आहेत. कसोटीचा यष्टिरक्षक निवडणारे काका त्या पंक्तीत बसत नाहीत.

टाकदौत (धागालेखक)

सर्वांचे आभार. गोदाकाठकर, काका त्या पंक्तीत बसत नाहीत हे मान्य. परंतु आपण दिलेले ‘वीस सात’चे उदाहरण वाचून मी वह्या पुन्हा उघडल्या, कारण असेच काहीतरी वाचल्याचे अंधुक आठवत होते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात, म्हणून कोष्टकात आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे ठरवून दिले होते. त्याच महिन्यात काकांचे या बदलाविरुद्ध पत्र छापून आले आहे. काका तेव्हा पंचविशीत होते (लोकहितवादींचे वय, हा योगायोग). त्यांचे म्हणणे असे की आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ग्राहकाला चोवीस नवे पैसे पडायला हवेत, म्हणजे एका पैशाचा लाभ व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र दुकानदार सहाऐवजी सात घेतो, चार वस्तूंचे अठ्ठावीस होतात आणि चवलीची (दोन आण्यांची) वस्तू दोन वेळा घेणाऱ्यापेक्षा आण्याची वस्तू चार वेळा घेणारा गरीब माणूस नागवला जातो. हे त्यांनी ठाकुरद्वार ते मुगभाट अशा पाच दुकानांत चहापूड, काडेपेटी आणि सुतळी विकत घेऊन पाहिले होते. येथवर पत्र उत्तम आहे. पुढे मात्र त्यांनी निष्कर्ष काढला की दशमान पद्धत भारतीय बुद्धीला मानवणारी नसून ती लवकरच मागे घ्यावी लागेल. ते वाचून मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

तीच वही पुढे चाळताना १९६४च्या जूनमधील एका पत्राची नक्कल सापडली. १ जून १९६४ला नाण्यांच्या नावातील ‘नवा’ हा शब्द गळून नुसता ‘पैसा’ राहिला, ते निमित्त. माझे वडील काकांहून बरेच धाकटे, तेव्हा शाळेत होते. काका लिहितात की धाकटा भाऊ सव्वाअकरा रुपये डझन दराच्या वस्तूंचा हिशेब माझ्या निम्म्या वेळात करतो, त्याला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांतले एकही कोष्टक पाठ नाही, आणि ते त्याला लागतही नाही. म्हणून सात वर्षांपूर्वी मी याच स्तंभात दिलेले मत मागे घेतो. खाली एक ओळ अधिक आहे: ‘दुकानदारांविषयीचे मात्र मागे घेत नाही.’

या पत्राखाली कात्रण नाही. ते छापले गेले नसावे.

जुना_पुरवणीकार

मीही छापले नसते. सात वर्षांपूर्वीचे पत्र वाचकांच्या स्मरणात नसते, आणि ‘माझे मत चुकले’ हे समजण्यासाठी आधीचे मत पुन्हा छापावे लागते. तेवढी जागा नसते. अकरा वर्षांत मत मागे घेणारी पत्रे माझ्याकडे तीन-चार आली असतील. सगळी बाजूला ठेवली. त्यांतले एक लेखकाने पुन्हा, नोंदणीकृत टपालाने पाठवले होते, तेही.

गोदाकाठचा

पाच दुकाने फिरलेला माणूस मला चालतो. ‘भारतीय बुद्धीला मानवणारी नाही’ म्हणणारा चालत नाही. तो एकच माणूस होता, ही माझी अडचण आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तूर्त उत्तर नाही.

फळा_आणि_खडू

टाकदौत, १९५७ आणि १९६४ या दोन्ही पत्रांची छायाचित्रे मिळू शकतील काय? माझ्या वर्गासाठी नाही, शिक्षकांच्या केंद्र बैठकीसाठी हवी आहेत. तेथे २०१९चा वाद अजून मिटलेला नाही. आणि एक शंका: औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा एवढे मला ठाऊक आहे, पण तो म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. कोणाच्या घरी अजून कोणाला येतो काय?

ओसरीवरून

माझ्या आईला येतो. आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन विचारले. भाकरी थापता थापता तिने साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असे करत पस्तीसपर्यंत न अडखळता म्हटला आणि वर विचारले, ‘कशाला हवाय? आणि नवे पैसे चांगलेच होते, मला विचारा.’